आबा उठले नाहीत

इंदूरला थंडी आधी नाकाला कळते, मग अंगाला. चौकातल्या गाडीवर गराडूच्या फोडी दुसऱ्यांदा तेलात पडतात, कुरकुरीत झाल्या की त्यांच्यावर लिंबू पिळलं जातं, जीरावनाचा मसाला भुरभुरतो, आणि त्या गरम कंदाचा वास वळणावरच स्कूटी थांबवायला लावतो. परवा मी अशीच थांबले होते. हातात द्रोण, बोटं पोळताहेत, आणि मोबाईल वाजला. सध्या मी ज्या मालिकेचे संवाद लिहिते, तिच्यातली एक तरुण अभिनेत्री मुंबईहून बोलत होती.

"ताई, सॉरी हं, पण उद्याच्या सीनमधलं ते शेवटचं वाक्य मी नाही बोलू शकणार."

आवाजात धाकधूक होती. नवीन मुलगी, लेखकाला असं सांगायचं म्हणजे तिने दुपारभर धीर गोळा केला असणार. मी गराडू गाडीच्या कडेवर ठेवले आणि म्हटलं, "का ते सांग."

ती सांगत राहिली. मी ऐकत राहिले. वाक्य खरंच खोटं होतं. आम्ही दोघींनी तिथेच, रस्त्याच्या कडेला, ते बदललं. शेवटी ती म्हणाली, "मला वाटलं तुम्ही चिडाल." चिडले असतेही. पण काही वर्षांपूर्वीचा एक हिवाळा माझ्या वाट्याला आला होता. त्या हिवाळ्यानंतर नटाने एखाद्या वाक्यापाशी पाय रोवले, की मला आधी त्या माणसाकडे नीट बघावंसं वाटतं.

त्या वर्षी इंदूरबाहेर, राऊ गावाच्या पुढे एका बंगल्यात मराठी मालिकेचं शूटिंग चाललं होतं. गोष्ट इंदूरच्या एका मराठी कुटुंबाची. मुख्य लेखक पुण्यात बसून लिहायचे, आणि त्यांची माणसं फार स्वच्छ मराठी बोलायची. इथे कोण तसं बोलतं? इथे मराठी घरातली सून "भाजी आणायला जाऊन राहिली आहे" म्हणते आणि सासरे "अरे भिया, बैठो तो सही" म्हणतात. तर त्या संवादांना इंदूरचं पाणी लागावं म्हणून कंपनीला कुणी तरी स्थानिक हवं होतं. मी तेव्हा एका जाहिरातीच्या कचेरीत भाषांतरं करत होते. कुणी तरी माझं नाव सुचवलं. सुरुवातीला मी नुसते शब्द बदलायची. पुढे मुंबईहून, चॅनलकडून, सीनचा आराखडा यायचा आणि संवाद मीच भरायची.

त्या दिवसांच्या सकाळी मला अजून जशाच्या तशा आठवतात. परदेशीपुऱ्यातल्या आमच्या घरून निघताना गल्लीत धुकं असायचं. गिरणीच्या जुन्या भिंतीपाशी कुणी टायर पेटवून हात शेकत बसलेले. कानटोपी, वर हेल्मेट, हातमोज्यांच्या आत थिजलेली बोटं. राऊला पोचेपर्यंत ऊन वर आलेलं असायचं आणि बंगल्याच्या अंगणात पोह्यांच्या पातेल्यातून वाफ निघत असायची. प्लायवूडचं तुळशीवृंदावन, त्याच्यावर खरी तुळस. जनरेटरची घरघर. दोन शॉट्सच्या मध्ये सगळे कलाकार उन्हात खुर्च्या ओढून मटार सोलत बसायचे, कारण स्वयंपाक करणाऱ्या बाईंनी ठणकावलं होतं, "कचोरी खायची असेल तर दाणे सोलून द्या." शत्रू असलेल्या सासू-सुना एकाच सुपात शेंगा सोलताहेत, हे दृश्य त्या मालिकेने कधी दाखवलं नाही. मला मात्र तेच सगळ्यात जास्त आठवतं.

मालिकेतल्या आबांचं काम विश्वासकाका करायचे. मूळचे साताऱ्याचे, पुण्यात राहणारे, रंगभूमीवर आयुष्य गेलेलं. उंच, किंचित वाकलेले, आवाज खर्जातला. गंमत अशी की त्या आवाजाचा मालिकेत उपयोगच नव्हता. आबा अर्धांगाच्या झटक्याने चाकाच्या खुर्चीत बसलेले, बोलणं गेलेलं. "एवढा आवाज कमावला, आणि काम मिळालं मुक्याचं," काका हसून म्हणायचे.

एकदा तालमीत सीनमध्ये लिहिलेलं होतं की आबा उजव्या हाताने पाणी मागतात. मी पटकन म्हणाले, "डावा हात करा काका. उजवी बाजू गेली की सहसा बोलणंही जातं, आणि डावा हात राहतो." काकांनी माझ्याकडे पाहिलं. जेवणाच्या सुट्टीत शेजारी येऊन बसले आणि हळूच विचारलं, "घरी कोण आहे?"

घरी माझे बाबा होते.

बाबा रेल्वेच्या कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांना गप्प बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. दूधवाल्याशी, रिक्षावाल्याशी, मंदिरातल्या गुरुजींशी, दाराशी आलेल्या विम्याच्या माणसाशी, सगळ्यांशी "और भिया, क्या हाल?" पासून सुरुवात व्हायची, मग मराठी, मध्येच हिंदी, मध्येच माळवीतली एखादी म्हण, आणि चहा गार झाला तरी माणूस उठू शकायचा नाही. त्यांना झटका आला आणि शब्दांनी भरलेलं ते घर एका दिवसात रिकामं झालं. मागे एकच शब्द राहिला: "चलो."

भूक लागली, चलो. पंखा बंद करा, चलो. मी घरी आले की लांबवलेलं, खुशीचं "चलोऽ". राग आला की तुटक. आई म्हणायची, "जन्मभर मराठी बोलले, आणि उरलं काय, तर चलो!" असं म्हणून ती हसायची, आणि मग मोरीत जाऊन उगाच नळ सोडायची. ज्या माणसाला पाऊल टाकता येत नाही त्याच्या तोंडात नेमका हाच शब्द राहावा, हे तिला सोसायचं नाही. आईचे सोमवार तेव्हापासून सुरू झाले. आधी सोळा केले. गुण आला नाही म्हणून पुढे चालूच ठेवले. दिवसभर नुसता चहा, संध्याकाळी शंकराला जाऊन आल्यावर दोन घास. ती वाळत चालली होती. मी काही बोलले की म्हणायची, "तू तुझं काम कर."

काकांनी विचारलं, "मी भेटायला येऊ का? त्यांना चालणार असेल तरच." सुट्टीच्या दिवशी आले. सोबत संत्री आणली होती. मला वाटलं होतं, नट आहेत, बाबांचं निरीक्षण करतील, हात कसा वळतो, ओठ कुठे ओढला जातो. तसं काही झालं नाही. ते पलंगाशेजारच्या स्टुलावर बसले आणि बाबांना आपल्या दौऱ्यांच्या गोष्टी सांगू लागले. कुठल्याशा गावी पडदा अर्ध्यावर अडकला होता, आणि राजाला वाकून प्रवेश करावा लागला. बाबा डाव्या हाताने मांडीवर थाप मारत होते. "चलो! चलो!" काका थांबायचे, मान हलवायचे आणि उत्तर द्यायचे, जणू बाबांनी काही तरी मुद्द्याचं विचारलंय. कितीतरी दिवसांनी आमच्या घरात गप्पा ऐकू येत होत्या. आई गरम गराडू घेऊन दारातच थबकली. मला म्हणाली, "बघ ना, कसे बोलून राहिलेत."

याच सुमाराला मुंबईहून नव्या भागांचा आराखडा आला. मालिका घसरत होती. काही तरी मोठं घडायला हवं होतं. सुनेचे उपास पूर्ण होतात. उद्यापनाची पूजा. सगळं घर जमलेलं. समईची ज्योत मोठी होते आणि आबा खुर्चीतून उठतात, दोन पावलं चालतात आणि सुनेच्या डोक्यावर हात ठेवतात. मी मुकाट्याने संवाद लिहिले. आबांच्या तोंडी वाक्य होतं, "सूनबाई, तुझ्या उपासांनी मला उभं केलं." टाळीचं वाक्य. काम म्हणून लिहिलं आणि पाठवलं.

पूर्ण सीन अजून व्हायचा होता, पण झलकेपुरते दोन-तीन शॉट्स आधी घेतले होते, आणि चॅनलने ते दाखवायला सुरुवात केली. खुर्चीच्या दांड्यावर आवळलेली मूठ, जमिनीला टेकणारं पाऊल, सुनेचे पाणावलेले डोळे. त्या संध्याकाळी आई बाबांना खिचडी भरवत होती. चमचा हवेतच राहिला.

"तो उठणार?"

"मालिका आहे गं आई ती."

तिने चमचा खाली ठेवला. बाबांचं तोंड पुसलं. बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली, जाहिराती लागल्या तरी.

"त्या पोरीच्या उपासांनी तो उठून राहिला आहे," ती म्हणाली. "मग माझ्यात काय कमी पडलं?"

रागाने नाही विचारलं. भाजीत मीठ कमी पडलं का, असं विचारतात, तितक्या साधेपणाने. आबांच्या तोंडचं ते उपासांचं वाक्य माझ्याच हातचं होतं, हे तिला ठाऊकही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सेटवर उन्हात काका मटार सोलत होते. मी त्यांना आईचा प्रश्न सांगितला. सांगायचं ठरवून गेले नव्हते, पण बोलून गेले. त्यांची बोटं थांबली.

"ते वाक्य तू लिहिलंयस?"

"हो."

"वाक्य चांगलं आहे. पण मी ते बोलणार नाही."

ते उठून दिग्दर्शकाकडे गेले. दिग्दर्शक निखिल, ठाण्याचा, तिशीतला, थंडीने हैराण होऊन डोक्याला शाल गुंडाळून फिरायचा. आधी त्याला वाटलं, काकांचे गुडघे दुखताहेत. "उठायला त्रास होतोय का? आपण कट करून घेऊ."

"गुडघे उत्तम आहेत. आबा उठणार नाहीत, एवढंच सांगायला आलोय."

निखिलने कपाळाला हात लावला आणि मुंबईला व्हिडिओ कॉल केला. पडद्यावर श्वेता आली. मालिकेत काय घडायचं ते चॅनलतर्फे तीच ठरवायची. हुशार मुलगी, फटकळही नाही. तिने काकांचं सगळं ऐकून घेतलं.

"काका, लोक दिवसभर आपापली दुःखं ओढतात," ती म्हणाली. "संध्याकाळी अर्धा तास त्यांना जरा आशा दिली, तर त्यात वाईट काय?"

"काहीच नाही. आशा द्या ना. पण एक सांगा. ज्या घरात आबांसारखा माणूस खुर्चीत बसलाय आणि त्याची बायको खरोखर उपास करतेय, त्या घरात उद्या आपण काय पोचवणार? हेच ना, की बाई, तुझी भक्ती कमी पडली?"

मी मॉनिटरच्या मागे उभी होते. काकांनी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. आईचं नाव नाही, माझं नाही, कसलाही पुरावा नाही. ती लढाई त्यांनी स्वतःची म्हणूनच लढवली. याचे आभार मी त्यांना कधी नीट मानू शकले नाही. आज लिहितेय तेवढेच.

"झलक जाऊन राहिली आहे काका," निखिल कळवळून म्हणाला. इंदूरची बोली त्यालाही लागली होती. "लोक वाट बघताहेत."

"मूठ आवळलेली दाखवलीय. मूठ मी आवळतो. पाऊल टेकवतो. पण उठत नाही."

श्वेता पडद्याजवळ सरकली. "काका, स्पष्ट बोलते. हा हाय पॉइंट गेला तर तुमच्या ट्रॅकमध्ये पुढे काही उरत नाही. मला तो कमी करावा लागेल."

"करा," काका म्हणाले. शांतपणे, जणू कुणी खिडकी लावू का विचारलंय.

तिकडे श्वेताने समोरची वही मिटली. मग ती म्हणाली, "जेवणाच्या सुट्टीत दुसरं काही लिहून दाखवा. आवडलं तर बघू."

आम्ही दोघं प्लायवूडच्या तुळशीपाशी बसलो. उठायचं नाही, मग सीनमध्ये घडायचं काय? काका म्हणाले, "सून उपास कुणासाठी करते? माझ्यासाठी. मग सोडायला मीच लावायला हवा." बोलता बोलता त्यांना सुचलं. प्रसादाची वाटी. डावा हात. पण शब्द? हाताने भरवून पुरेल का? ते अडखळले. पहिल्यांदाच संकोचलेले दिसले.

"तुझ्या बाबांचा तो शब्द... मला विचारून घ्यायचाय. त्यांनाच."

मी घरी व्हिडिओ कॉल लावला. आईने मोबाईल बाबांसमोर धरला. काकांनी आबांच्या वेशातली शाल नीट केली, समोर मोठं माणूस असावं तसे सावरून बसले.

"भाऊसाहेब, तुमचा एक शब्द मागायचाय. टीव्हीवर वापरायला. तुमची हरकत नसेल तरच. घेऊ का?"

बाबांनी पडद्यावरच्या काकांकडे निरखून पाहिलं. मग म्हणाले, "चलो."

काका हसले, मीही हसले. दुसरं उत्तर होतं कुठे! पण मागून आईचा आवाज आला, "नाही हो, खरंच हो म्हणून राहिलेत. नाही असतं तर तोंड फिरवलं असतं."

दुपारी ऊन कलायच्या आत सीन झाला. सून झालेली मुलगी प्रसाद घेऊन समोर गुडघ्यांवर बसली. सगळं घर श्वास रोखून आबांकडे बघतंय. मूठ आवळली गेली. पाऊल जमिनीला टेकलं. सगळ्या अंगाचा पीळ चेहऱ्यावर आला. आणि मग हळूहळू मूठ सुटली. तोच हात, थरथरत, वाटीपर्यंत गेला. चिमूटभर शिरा त्यांनी उचलला आणि सुनेच्या ओठांशी नेला. ती मानेने नाही नाही म्हणत होती. ते तिच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "चलो." खर्जातला तो आवाज एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा निघाला होता. ती मुलगी हुंदका आवरत तो घास खायला लागली, तेव्हा ती अभिनय करत होती की नाही, मला सांगता येणार नाही. लाईटचा सोनूभिया पाठ करून उभा होता. निखिल कट म्हणायचं विसरला.

मुंबईला पाठवलं. श्वेताचा उलट मेसेज आला: "राहू दे असंच." पुढे तिने आपलं बोलणंही खरं केलं, आबांचा भाग कमी झाला. थंडी सरता सरता आराखड्यात एक ओळ आली, आबा धाकट्या मुलाकडे देवासला राहायला गेले आहेत. ती ओळ संवादात बसवायचं काम माझंच. ती पानं काकांना देताना माझी मान वर होईना. त्यांनी वाचलं आणि खो खो हसले. "देवास? अगं, एवढ्या जवळ? लोक म्हणतील, रविवारी तरी भेटायला यावं माणसाने!" मग माझ्या पाठीवर थोपटून म्हणाले, "नाटक करायला मोकळा झालो बघ." निघताना कचोरीवाल्या बाईंना वाकून नमस्कार केला आणि जीरावनाचं मोठं पाकीट सोबत घेतलं.

तो भाग लागला त्या संध्याकाळी मी मुद्दाम घरी होते. आईने बाबांना उशीला टेकवून बसवलं होतं. मूठ आवळली गेली तेव्हा तिने पदर तोंडाशी नेला. मला तिच्याकडे बघायचं धैर्य नव्हतं. मग टीव्हीतून तो शब्द आला. बाबा दचकले. त्यांनी डावा हात टीव्हीकडे केला, मग स्वतःच्या छातीवर ठेवला, पुन्हा टीव्हीकडे, पुन्हा छातीवर. डोळे लकाकत होते. आजवर रेल्वेचा पास मिरवलेला तो माणूस, आता आपला शब्द मिरवत होता. "हो, हो, तुमचाच," आई म्हणाली, आणि हसता हसता रडली, आणि या वेळी मोरीकडे गेली नाही. तिथेच, त्यांच्यासमोर रडली.

त्यानंतरच्या सोमवारी सकाळी मी उठले तर दोघं पोहे खात होती. आई एक घास त्यांना देत होती, एक आपण घेत होती. मी चहा ठेवला.

आता इतकी वर्षं या धंद्यात काढल्यावर मला निखिलही कळतो आणि श्वेताही. ऊन सरत असतं, सेट उभा असतो, भाग जायचा असतो, आणि एक माणूस म्हणतो, मी हे करणार नाही. किती नट नुसत्या रुसव्यापायी अडून बसतात, तेही पाहिलंय. पण प्रेक्षक म्हणजे कुठल्या तरी गल्लीतलं एक घर, पलंगावरचा एक माणूस आणि त्याच्या तोंडाशी धरलेला एक चमचा, हे त्या हिवाळ्यात मला दिसलं. काकांमुळे दिसलं. एरवी मी टाळीची वाक्यं लिहीत राहिले असते, आणि चांगली लिहिली असती.

बाबा मागल्या वर्षी गेले. दुपारी झोपेत, काही त्रास न होता. काकांना कुणाकडून कळलं कोण जाणे, त्यांचा पुण्याहून फोन आला. आवाज आता थकलेला होता, तरी खर्ज तोच. माझ्याशी दोन शब्द बोलून म्हणाले, "वहिनींना देतेस?"

आईने फोन दोन्ही हातांनी धरला. थोडा वेळ नुसतं हं, हं करत होती. मग खिडकीकडे वळून तिने अगदी सावकाश सांगितलं, "त्या दिवशी तुम्ही खुर्चीतून उठला असतात ना, तर मला परत यांच्या तोंडाकडे बघवलं नसतं. नाही उठलात, बरं केलंत, एवढंच सांगून राहिले आहे. पुढची वर्षं आम्ही दोघांनी मजेत काढली हो."